पर्यायी विमानतळ

विमानतळाच्या जुन्या इमारतीत जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक काचेची खिडकी लागते. त्या खिडकीमागे गेली एकतीस वर्षं एक बाई बसतात. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, बाकी सगळे त्यांना कृपयाबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

नाव पडलं ते असं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक विमानाचा एक कागद आधी त्यांच्या टेबलावर येतो. त्याला फ्लाइट प्लॅन म्हणतात. कोण येतंय, कुठून येतंय, कुठल्या वाटेने, सीमेवर किती वाजता पोचणार, टाकीत किती तासांचं इंधन, सगळं त्यात. तो पाहून बाई देशोदेशीच्या अशाच खिडक्यांना निरोप पाठवतात. हे निरोप अगदी तुटक असतात. ‘निघाला’, ‘उशीर’, ‘रद्द’, बस्स. पण बाईंना ‘कृपया’ घातल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि नुसतं ‘सांग’ म्हणायचं, हे त्यांना जमलंच नाही. साहेबांनी दोनदा लेखी समज दिली, की निरोपात जादा शब्द नकोत. बाईंनी समज घेतली, खाली सही केली आणि समज मिळाल्याची पोच पाठवली. तिची सुरुवातही ‘कृपया’नेच होती. त्यानंतर साहेबांनी नाद सोडला.

त्यांचं मुख्य काम ओळख जुळवण्याचं. मोठ्या कंपन्यांच्या विमानांची नावं सोपी, कंपनीची तीन अक्षरं आणि पुढे आकडे. लहान, सुट्या विमानांचं तसं नसतं. त्यांच्या अंगावर शेपटीजवळ जी अक्षरं रंगवलेली असतात तेच त्यांचं नाव. ते नाव प्लॅनवर हवं, सरकारी परवान्यावर हवं, आणि विमानातली पेटी रडारला आपणहून जे नाव सांगते तेही तेच हवं. सगळीकडे एकच नाव निघालं की बाई एक ओळख क्रमांक देतात. तो सीमेवरच्या रडारवाल्यांकडे जातो आणि दार उघडतं. एका ठिकाणी जरी फरक निघाला तर दार बंद. तरीही कुणी आत शिरलंच, तर लष्कराची दोन विमानं वर जातात आणि पंखाला पंख लावून विचारतात, तू कोण?

क्रमांक देताना बाई दर वेळी ओठांतल्या ओठांत म्हणतात, “सुखरूप उतर रे बाबा.” प्रवाशांचं असो, मालाचं असो, कुणा धनिकाचं असो, प्रत्येकाला तेच.

“देवाने तुझ्यासाठी एक वेगळा कारकून नेमला असेल,” त्यांचे यजमान म्हणतात. “आणि तो बिचारा रोज रजेचा अर्ज टाकत असेल.”

यजमान घड्याळजी. बाजाराच्या टोकाला त्यांचं दोन हात रुंदीचं दुकान आहे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर तिथे वाकलेले असतात. घरी स्वयंपाकघरात त्यांनी बाईंसाठी दुसरं घड्याळ लावून दिलंय. विमानांचा सगळा कारभार जगाच्या एकाच वेळेवर चालतो, ती वेळ दाखवणारं. पाहुणे गोंधळतात. यजमान त्यांना सांगतात, “हे आमचं, आणि ते तिच्या माहेरचं.”

माहेर म्हणजे काय, तर एक भाऊ. बाई एकोणीस वर्षांच्या असताना आई-वडील दोघंही एका वर्षाच्या आत गेले. भाऊ तेव्हा सात वर्षांचा. हात पसरून, तोंडाने घूंऽऽ करत घरभर धावायचा, म्हणून त्याचं नाव भुंगा. बाई लग्न करून आल्या त्या भुंग्याचं बोट धरूनच. यजमानांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही, की हा किती दिवस राहणार. उलट पहिल्याच दिवशी त्याला एक बंद पडलेलं घड्याळ खोलायला दिलं. त्याने ते खोललं. परत जोडायला जमलं नाही, पण मामला तिथेच जुळला.

ताईचा त्याला एकच नियम होता. कुठेही गेलास की पोचल्याचं कळवायचं. शाळेत पोचला तर शिपायाच्या फोनवरून, मित्राकडे गेला तर मित्राच्या आईकडून. “पोचलो ताई.” एवढे दोनच शब्द. पोरं त्याला चिडवायची, त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण निरोप यायचाच.

पुढे तो उडायला शिकला. फ्लाइंग क्लबमधून आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताई त्याच्याकडून प्लॅन भरून घ्यायची. पोळ्या लाटता लाटता तिचं लक्ष त्याच्या पेन्सिलीवर.

“नावाच्या रकान्यात काय लिहिलंस?”

“क्लबने दिलंय ते.”

“क्लबने काय दिलंय ते मला नको. विमानाभोवती फेरी मारून आलास का? अंगावर काय लिहिलंय?”

“ताई, तेच असणार ना गं!”

“असणार नाही, आहे का? जे अंगावर आहे तेच कागदावर. आकाशात तुला ओळखायला कुणी तुझी ताई नाही बसलेली. आणि चुकलास तर खरवडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही करायची.”

“आणि देवापुढे काही चुकलं तर?”

“तिथेही तेच,” ताई म्हणाली आणि पोळी उलटली.

अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार मात्र कुणालाच उलटता आली नाही. भुंगा क्लबचं विमान घेऊन एकटाच शेजारच्या गावी गेला होता. उतरायची वेळ तीनची. लहान विमानतळावर उतरलं की वैमानिकाने स्वतः निरोप पाठवायचा असतो, ‘उतरलो’. मग तो प्लॅन मिटतो. निरोप आला नाही आणि अर्धा तास उलटला, तर ते विमान हरवलं असं धरतात आणि शोध सुरू होतो. तीन वाजले, सव्वातीन झाले. तिथल्या विमानतळाचा फोन कुणी उचलेना. खिडकीत बाईच होत्या. साडेतीनला त्यांनी जीव मुठीत धरून घंटा वाजवली.

दोन शोधविमानं उडाली. एक रुग्णवाहिका डोंगराच्या वाटेला लागली. संध्याकाळी साडेपाचला भुंगा सापडला, मित्राच्या घरी, पंख्याखाली गाढ झोपलेला. विमान नीट उतरलं होतं. नीट बांधलंही होतं. निरोप तेवढा राहिला होता.

वरचे लोक म्हणाले, मिटवून टाकू. आपल्याच बाईंचा भाऊ, अहवालात ‘फोन बिघडला’ असं लिहा. फोन खरंच अधूनमधून बिघडायचा. बाईंनी लिहिलं, ‘वैमानिकाने निरोप दिला नाही.’ भुंग्याचं लायसन्स सहा महिने गेलं, आणि त्याबरोबर हातातोंडाशी आलेली नोकरीही.

तो घरी आला तेव्हा ताई देवापुढे बसली होती. तो दारातूनच बोलला.

“दुसरा कुणी असता तरी तू हेच केलं असतंस का?”

“हो.”

“तेच म्हणतो मी. तुझ्यासाठी मी भाऊ नाहीच. मी एक कागद आहे. भरला, तपासला, परत केला.”

“भुंग्या, अरे त्या अडीच तासांत मी—”

“राहू दे.”

तो गेला. दुसऱ्या देशात कामाला लागला असं कुणाकुणाकडून कळलं. विकलेली विमानं एका देशातून दुसऱ्या देशात पोचवायचं काम. जाताना त्याचं मनगटी घड्याळ यजमानांच्या दुकानात पट्टा बदलायला पडलं होतं, ते तिथेच राहिलं. पोचल्याचा निरोप आला नाही. अकरा वर्षं नाही.

बाईंनी त्या अडीच तासांबद्दल कधी कुणाला सांगितलं नाही. देवाला तेवढं सांगितलं. सकाळी दिवा लावला की हात जोडायच्या, आणि घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर शेवटी म्हणायच्या, “आणि तो जिथे असेल तिथे.” तेवढ्यावरच थांबायच्या. पुढचं देवाने समजून घ्यावं.

परवा सकाळी नऊ वाजता एक प्लॅन आला. एका इंजिनाचं लहान विमान, विकलं गेलेलं, नव्या मालकाकडे निघालेलं. दुपारी बाराला उडणार, साडेतीनला इथे उतरणार, इंधन भरणार आणि एक तास चाळीस मिनिटांनी पुढे जाणार. बाईंनी सवयीने परवाना काढून शेजारी ठेवला. परवान्यावर वैमानिकाचंही नाव असतं. त्यांनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, जरी तो स्वच्छच होता.

“काय झालं?” शेजारच्या टेबलावरून चष्मेवाल्यांनी विचारलं. हे त्यांच्या खोलीतले सहकारी. भिंगं इतकी जाड, की डोळे मागून कुणीतरी ढकलल्यासारखे दिसतात.

“काही नाही. माझा भाऊ येतोय.”

“अरे वा! कधी?”

“साडेतीनला.”

एक तास चाळीस मिनिटं. बाईंनी मनात मांडायला सुरुवात केली. खिडकी चष्मेवाल्यांवर सोपवायची, जिना उतरायचा, इंधनाच्या गाडीपाशी उभं राहायचं. काय बोलायचं ते ठरेना. जेवलास का, हे विचारता येईल. ते कधीही विचारता येतं. अकरा वर्षांनीही येतं.

मग त्यांनी नावं जुळवायला घेतली, आणि हात थांबला.

प्लॅनवर एक नाव होतं, परवान्यावर दुसरं.

गोष्ट साधी होती. विमान विकलं गेलं तशी नव्या देशात त्याची नवी नोंद झाली, नवी अक्षरं मिळाली. नव्या मालकाच्या कारकुनाने परवाना काढला तो नव्या अक्षरांवर. पण ती अक्षरं तिकडे पोचल्यावर रंगवायची होती. आज विमानाच्या अंगावर जुनीच होती. भुंग्याने विमानाभोवती फेरी मारली असणार आणि जे अंगावर दिसलं तेच कागदावर लिहिलं होतं.

त्याने परवाना पाहून नवी अक्षरं उतरवली असती तर कागद कागदाला जुळला असता. बाईंना शंकासुद्धा आली नसती. आत्ता क्रमांक दिला असता आणि साडेतीनला जिना उतरल्या असत्या. पण पोराने त्यांनी शिकवलं तेच केलं होतं. बाई त्या रकान्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना हसूही आलं, रडूही आलं.

“एवढं काय त्यात?” चष्मेवाले कागदावर वाकून म्हणाले. “त्याला कळवा, परवान्यावरचं नाव घाल म्हणावं. विमान तेच, माणूस तोच. शेपटीवर काय लिहिलंय ते वर चढून कोण वाचणार आहे?”

“वाचतात. सीमेवर पंखाला पंख लावून वाचतात.”

“दर वेळी थोडीच जातात वर?”

“दर वेळी नाही जात. आज गेले तर?”

चष्मेवाले आपल्या खुर्चीत परतले. मग म्हणाले, “ताई, मी काही पाहिलेलं नाही. माझे डोळे तसेही अधूच आहेत.”

बाईंनी परवाना कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, दुरुस्तीला कामाचे तीन दिवस.

“आज नाही का होणार? तातडीचं म्हणून?”

“साहेब दौऱ्यावर आहेत.”

एकतीस वर्षांत बाईंनी कामाच्या फोनवर घरचा शब्द काढला नव्हता. तो आज निघाला. “अहो, माझा भाऊ आहे हो. अकरा वर्षांनी येतोय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, आणि वाईटपणाने नाही म्हणाला, “बाई, इथे येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ असतो.”

हे वाक्य बाईंचंच होतं. अगदी याच शब्दांत नाही, पण त्याच मापाचं. त्यांनी “बरोबर आहे तुमचं” म्हटलं आणि फोन ठेवला.

वीस मिनिटं त्या नुसत्या बसून होत्या. मग त्यांनी निरोप लिहिला. ‘प्लॅन आणि परवाना यांतली ओळख जुळत नाही. प्रवेश देता येत नाही. कृपया परवाना दुरुस्त करून घ्यावा किंवा दुसरी वाट घ्यावी.’ बोट ‘पाठवा’च्या बटणावर होतं. निरोपाखाली नाव लिहायची पद्धत नाही, फक्त कार्यालयाचा पत्ता. पण साऱ्या जगात निरोपात ‘कृपया’ घालणारी खिडकी एकच, हे त्याला माहीत होतं. लहानपणी तोच तर नकला करायचा, ‘कृपया वरण वाढावे, कृपया भात घ्यावा.’ निरोप वाचताक्षणी त्याला कळणार होतं, कुणी परत पाठवलंय. भरला, तपासला, परत केला.

‘कृपया’ खोडावं का, असंही एकदा मनात आलं. खोडलं तर त्याला कळणार नाही. त्यांनी खोडलं नाही. लपून परत पाठवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं. एकच शब्द, ‘रद्द’.

बाईंनी तो शब्द नोंदवहीत उतरवला. चष्मेवाले उठून पाण्याचा पेला ठेवून गेले.

सव्वाअकराला यंत्र पुन्हा खडखडलं. तेच विमान, तेच जुनं नाव, नवी वाट. आता ते सीमेच्या बाहेरबाहेरून जाणार होतं आणि शेजारच्या देशात समुद्राकाठच्या विमानतळावर उतरणार होतं. तिकडचं तिकडे. बाईंकडे कशाला आला हा कागद? चुकून आला असेल म्हणून त्यांनी बाजूला ठेवला, आणि मग शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं.

प्रत्येक प्लॅनमध्ये एक रकाना असतो. जिथे उतरायचं ठरवलंय तिथे उतरता आलं नाही, तर कुठे जाणार? त्याला पर्यायी विमानतळ म्हणतात. संकटात तिथे आसरा घ्यायचा, आणि संकटात येणाऱ्याला परवाना विचारत नाहीत. त्या रकान्यात भुंग्याने हे विमानतळ लिहिलं होतं.

समुद्राकाठाला याहून जवळची आणखी दोन विमानतळं होती. त्यांतलं कुठलंही चाललं असतं.

बाईंनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

“अहो,” त्यांनी दुकानात फोन केला. “भुंगा कदाचित येईल.”

“कदाचित म्हणजे? येतोय की नाही येत?”

“तिकडे उतरता नाही आलं तर इथे येईल.”

“म्हणजे तिकडे उतरू नये असं म्हणायचंय का तुला?”

“तसं नाही हो म्हटलं मी.”

“बरं बरं. मी दुकान बंद करतो.”

साडेबाराला विमान निघाल्याचा निरोप आला. बाई शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे हवामानवाले काका बसतात. निवृत्तीला आलेले, सदा सर्दी झालेले. स्वतःच्या नाकाचा अंदाज त्यांना कधी आला नाही, पण ढगांचा येतो.

“काका, समुद्राकाठी कसं आहे?”

“आता ठीक आहे. पण पाण्यावरून धुकं सरकतंय. तीनच्या सुमारास लागेल धावपट्टीला. का, कोण आहे?”

“आमच्या घरचं आहे.”

काकांनी नाक पुसलं आणि दुसरी खुर्ची ओढून दिली.

थोड्या थोड्या वेळाने तिकडून आकडा यायचा. किती मीटरवरचं दिसतं, त्याचा. पाच हजार. तीन हजार. अडीचला पंधराशे. आठशेच्या खाली गेलं की त्या विमानतळावर उतरायचं नाही, वळायचं. आणि वळायचं म्हणजे इकडे. बाई मध्येच आपल्या टेबलाशी जाऊन आधीच एक कोरा क्रमांक काढून ठेवून आल्या. ओळख तर त्यांच्याकडे होतीच, अंगावर होती तीच. आता फक्त तो यायचा होता. खिडकीतून कुंपण दिसत होतं. कुंपणाच्या जाळीला लागून स्कूटर उभी करून यजमान थांबले होते, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

तीनला दहा कमी. काकांनी आकडा वाचला, “हजार.” आणि म्हणाले, “पडतंय.”

बाईंनी डोळे मिटले. हात आपोआप जुळले. ‘देवा, अजून थोडं,’ त्या मनात म्हणाल्या. ‘अजून थोडंसंच. दोनशे मीटर.’

आणि मग त्यांना कळलं, आपण काय मागतोय.

लाखभर विमानांना ‘सुखरूप उतर’ म्हटलेली बाई. आज स्वतःचा भाऊ एका इंजिनावर, पाण्यावर, धुक्याकडे निघालेला, आणि ती धुकं मागत होती. का, तर जिना उतरून त्याला विचारायचं होतं, जेवलास का. त्यांनी जोडलेले हात सोडले. मग त्यांना स्वयंपाकघरातलं ते टेबल आठवलं आणि त्या अगदी हळू पण उघड म्हणाल्या, “देवा, आधीच्या मागण्यावर एक रेघ मार. खरवडू नकोस, वाचता येऊ दे, माझंच होतं ते. सही करते मी. आता नवीन लिही. जिथे निघालाय तिथे उतरू दे त्याला. तिथेच उतरू दे.”

काकांनी आश्चर्याने पाहिलं, पण कुणी देवाशी बोलत असताना मध्ये बोलू नये एवढं त्यांना कळत होतं.

पुढचा आकडा यायला उशीर झाला. तीन वाजून गेले. पाच. दहा. भिंतीवर दोन घड्याळं होती, इथलं आणि जगाचं, दोन्हींचे सेकंदकाटे एकाच जागी. बाईंना ती अकरा वर्षांपूर्वीची दुपार पुन्हा पहिल्यापासून बघावी लागली. तीन, सव्वातीन. यंत्र गप्प. त्या दिवशी साडेतीनला घंटा वाजवताना हात कसा झाला होता, ते आज हातालाच आठवलं. हे सांगायला हवं होतं त्याला. दारात उभा असतानाच, ‘राहू दे’ म्हणाला तरी. त्या अडीच तासांत मी तुला नऊ वेळा सरणावर ठेवून आले, हे सांगायला हवं होतं.

तीन वाजून एकोणीस मिनिटांनी चष्मेवाल्यांनी हाक मारली. “ताई, आलं!”

बाई धावल्या असं म्हणता येणार नाही, वय आहे, पण त्यांची चप्पल काकांच्या खोलीतच राहिली.

निरोप त्याच तुटक रीतीचा होता. विमानाचं जुनं नाव, समुद्राकाठच्या विमानतळाचं नाव, उतरल्याची वेळ तीन वाजून अकरा मिनिटं. आठ मिनिटांत निरोप दिला होता.

“पण हा आपल्याला कशाला पाठवला?” चष्मेवाले म्हणाले. “तिकडे उतरला, तिकडे मिटलं. पर्यायी विमानतळाला उतरल्याचं कळवायचं बंधन नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि हे शेवटी काय आहे बघा. इथे हा शब्द येतच नाही. चुकून पडला असेल.”

निरोप संपल्यावर, जिथे काहीच नसतं तिथे, एकच शब्द होता. ‘कृपया.’ पुढे काही नाही, मागे काही नाही.

“चुकून नाही पडला,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांनी प्लॅन मिटवला. वेळ लिहिली, सही केली, शिक्का मारला, सगळं जिथल्या तिथे. मग कागद ओढून एक निरोप लिहिला. ‘उतरल्याची नोंद घेतली. परवान्यातली ओळख दुरुस्त करायला कामाचे तीन दिवस लागतात. पुढील वेळी कृपया तीन दिवस आधी कळवावे.’ साहेबांना दाखवला असता तरी त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी तो पुन्हा वाचला. मग चष्मेवाल्यांकडे पाठ करून त्याखाली दोन शब्द घातले, ‘वाट पाहतो.’ कार्यालय म्हणून लिहायचं तर ‘पाहतो’ म्हणूनच लिहावं लागतं. आणि पाठवून दिला.

त्याचं उत्तर आलं नाही. आज दुसरा दिवस आहे, अजून आलेलं नाही. अशा निरोपाला उत्तर द्यायची पद्धतही नाही.

परवा चार वाजता त्या जिना उतरून कुंपणापाशी गेल्या तेव्हा यजमान जाळीला नाक लावून आभाळाकडे बघत होते. इकडचं आभाळ अगदी स्वच्छ होतं, चटईएवढाही ढग नव्हता.

“नाही ना आला?” त्यांनी विचारलं.

“नाही. उतरला तिकडे. पोचल्याचं कळवलं त्याने.”

“कुणाला?”

“मला.”

यजमान जाळीपासून मागे सरकले. त्यांनी रुमाल सोडला. आत भुंग्याचं घड्याळ होतं, नव्या पट्ट्याचं. पट्टाही आता अकरा वर्षांचा, पण एकदाही न वापरलेला. घड्याळ चालू होतं. यजमान त्याला रोज सकाळी दुकान उघडलं की किल्ली देतात, हे बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी ते कानाशी धरलं आणि जाळीपलीकडे, समुद्र ज्या बाजूला आहे त्या बाजूला बघत उभ्या राहिल्या.

“चल,” थोड्या वेळाने यजमान म्हणाले. “तुझी चप्पल कुठे आहे?”

“वर राहिली.”

“मग जा, घेऊन ये. मी थांबतो.”

“थांबा हं,” बाई म्हणाल्या, आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.